मागचं गेट कशाने उघडतं

शाल्मली सोसायटीचं मागचं गेट दुपारी आपोआप उघडतंय, असा फोन आला तेव्हा दीपमाला स्वारगेटच्या सिग्नलला टेम्पोत बसली होती. टेम्पो नागोराव चालवत होते. फोन ठेवून ती म्हणाली, "काका, वाघोलीचं ते मागचं गेट. गाडी नसताना उघडतंय म्हणे."

"कुत्रं गेलं असेल."

"कुत्र्याने नाही उघडत. धातू लागतो."

"मग लोखंडी कुत्रं असेल," नागोराव म्हणाले. सिग्नल सुटला, टेम्पो कात्रजच्या रस्त्याला लागला, पण दीपमालाचं डोकं वाघोलीतच अडकून राहिलं.

ती मूळची वणीची. यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात पॅनेल जोडायला लागली आणि काही वर्षांनी तिथून बाहेर पडून तिने स्वतःचं काम सुरू केलं. नागोराव तिच्याच भागातले. रस्त्याच्या कामांवर काँक्रीट कापायचं कटर चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दोघं मिळून सोसायट्यांच्या आणि पार्किंगच्या गेटांसमोर जमिनीत तारा पुरत. गेटच्या आतल्या बाजूला काँक्रीटमध्ये चौकोनी चर कापायचा. कोपरे तिरके मारायचे, म्हणजे तार तिथे घासून तुटत नाही. चर धुऊन, सुकवून त्यात एकाच तारेचे वेढे घालायचे, दोन्ही टोकं एकमेकांना पीळ देत खांबावरच्या डब्यापर्यंत न्यायची आणि वरून काळं सीलंट ओतायचं. झाला लूप तयार. मग रस्त्यावर फक्त एक काळी चौकट दिसते आणि लोक तिच्यावरून बिनदिक्कत जातात. तारेतून बारीक प्रवाह सतत फिरत असतो. गाडी वर आली की तिच्या पोटातला धातू त्यात ढवळाढवळ करतो, डब्यातल्या यंत्राला, म्हणजे डिटेक्टरला, ते कळतं आणि गेट सरकतं. बाहेर जाणाऱ्याला कार्ड नको, रिमोट नको. शाल्मलीवाल्यांनी मागच्या गेटचा वॉचमन कमी केला तो याच भरवशावर.

दीपमालाची एक खोड होती. बिघाड दुरुस्त झाला पण तो मुळात का झाला ते कळलं नाही, तर ते काम तिला संपल्यासारखं वाटत नसे. नवरा याला किडा म्हणायचा. "किडा वळवळला का?" असं तो जेवताना विचारायचा, आणि त्या रात्री त्याने विचारलंच.

दुसऱ्या दिवशी ती वाघोलीला पोचली. सोसायटीच्या सचिव पूर्णिमा आगाशे गेटपाशीच उभ्या होत्या. बाई पन्नाशीच्या, घरून काम करणाऱ्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण उशिरा आलो की लवकर आलो याचाच आधी हिशेब करावा लागे.

"या. गेट उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली ते सगळ्यांसाठीच उघडं असतं."

"रोज होतं का, मॅडम?"

"रोज. बारा ते दोनच्या मध्ये कधीतरी. हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला.

खांबावरच्या कॅमेऱ्याचं ते चित्रण होतं. कॅमेरा बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून बसवलेला, येणाऱ्या गाड्यांचे नंबर दिसावेत म्हणून. गेट सरकत उघडतं. गाडी येत नाही. थोड्या वेळाने आतून एक म्हातारी बाहेर पडते. नऊवारी, डोक्यावर मोठं घमेलं. चार पावलं जाऊन ती वळते, कॅमेऱ्याकडे बघते, एक हात कपाळाला लावते आणि गल्लीत निघून जाते.

"या कोण?"

"मुक्ताबाई. मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. सकाळी मेन गेटने आत येतात, घराघरातून भाजीची देठं, सालं गोळा करतात. म्हशींसाठी. आमची त्याला हरकत नाही, ओला कचरा कमी होतो. पण पूर्वी वॉचमन त्यांना मागचं गेट उघडून द्यायचा. आता वॉचमन नाही, तरी गेट उघडतं. याचा अर्थ त्यांच्याकडे रिमोट आहे."

"विचारलंत तुम्ही?"

"विचारलं. नाही म्हणाल्या. मग त्यांचा मुलगा विक्रम गाडी घेऊन आला आणि जमीन आमची होती, आईला चोर म्हणता का, असं बरंच बोलला. आणि त्या बाई रोज कॅमेऱ्याला नमस्कार करतात. हा तर सरळ उपहास आहे."

दीपमालाने चित्रण पुन्हा लावलं. बाईच्या दोन्ही हातांत काही नव्हतं. एक हात घमेल्याला, दुसरा मोकळा. रिमोट असता तर कुठून दाबला? तिने मोबाइल परत केला आणि खांबावरचा डबा उघडला.

तिला स्वतःच्या कामाचा आधी संशय आला. या गेटला दोन लूप होते, आत एक, गेट उघडणारा, आणि बाहेर एक, गाडी उभी असताना गेट मिटू न देणारा. जवळजवळच्या दोन लूपमधल्या प्रवाहाची लय एकसारखी झाली की एकाच्या वर आलेली गाडी दुसऱ्यालाही जाणवते. बाहेरून एखादी स्कूटर गेली आणि आतल्या लूपने ती आपली समजली, असं घडू शकतं. दीपमालाने आतल्याची लय बदलली, टेम्पो पुढे-मागे करून पाहिला आणि सगळं ठीक आहे असं सांगून ती निघाली. परतीच्या वाटेवर खराडीच्या गर्दीत अडकून पडली असतानाच पूर्णिमाबाईंचा संदेश आला. एकच शब्द होता: "उघडलं."

पुढच्या खेपेला तिने तारेचं इन्सुलेशन तपासलं. पीळ दिलेल्या टोकांचा जोड सोडून पुन्हा केला. सीलंटला कुठे चीर पडून पाणी गेलंय का, हे रस्त्यावर ओणवं होऊन बघितलं. नागोराव कटरच्या पेटीवर बसून हे सगळं पाहत होते.

"ताई, चर मी कापलाय. त्यात खोट निघायची नाही."

"खोट असती तर बरं झालं असतं, काका. खोट सापडते तरी."

त्याही दुपारी गेट उघडलं. या वेळी संदेशात शब्दही नव्हता, नुसतं चित्रण होतं. म्हातारी, घमेलं, कपाळाला हात.

तेव्हा दीपमालाच्या लक्षात आलं की आपण दोन्ही वेळा दुपारच्या आत निघून आलो. जी गोष्ट ठरावीक वेळी घडते ती बघायला आपण त्या वेळी थांबलोच नाही. तिला स्वतःचीच गंमत वाटली. तिसऱ्या खेपेला तिने जेवणाचा डबा बरोबर घेतला आणि नागोरावांना सांगितलं, "आज काही उघडायचं नाही, खोलायचं नाही. आज नुसतं बसायचं."

गेटच्या आत, खांबाच्या मागे बोगनवेलीची मोठी कुंडी होती. तिच्या सावलीत दोघं बसली. भाकरी खाऊन झाली. एक मोटार आली, गेट सरकलं, मोटार गेली, गेट मिटलं. एक कुत्रं आलं, काळ्या चौकटीच्या बरोबर मध्ये बसून त्याने कान खाजवला आणि निघून गेलं. गेट ढिम्म हललं नाही. नागोरावांनी दीपमालाकडे पाहिलं आणि भाकरीचं फडकं झटकलं.

मग इमारतीच्या वळणावरून मुक्ताबाई आल्या. घमेलं शिगोशीग भरलेलं, वरून कोबीची पानं लोंबत होती. या दोघांना पाहून त्या ना थबकल्या, ना बिचकल्या. सरळ गेटापाशी आल्या, काळ्या चौकटीच्या कडेला दोन्ही पाय लावून उभ्या राहिल्या, "आई गं" म्हणत घमेलं दोन्ही हातांनी उतरवलं आणि चौकटीच्या आत, एका कोपऱ्याजवळ, जमिनीवर टेकवलं.

खांबावरच्या डब्यातून टक असा आवाज आला. गेट सरकू लागलं.

मुक्ताबाईंनी कंबर सरळ केली, पदराने मान पुसली, डोक्यावरची चुंबळ नीट केली, घमेलं उचललं आणि चालू लागल्या.

"मावशी," दीपमाला उठून उभी राहिली. "थांबा जरा."

"रिमोट न्हाई माझ्याजवळ," मुक्ताबाई मागे न बघता म्हणाल्या. "कवाच सांगितलं म्या."

"रिमोट नाही, माहीत आहे मला. घमेलं तिथेच का ठेवलंत, ते विचारायचं होतं."

आता त्या वळल्या. दीपमालाला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग रस्त्यावरच्या काळ्या चौकटीकडे पाहिलं.

"ह्ये तू पुरलंयस व्हय?"

"हो. आम्ही दोघांनी."

"मग तू सांग मला," मुक्ताबाई म्हणाल्या, "खाली काय हाय ते. चार म्हैने झालं इचार करतीया."

अशी त्या दुपारी दीपमाला चौकशी करायला आली आणि चौकशी तिचीच सुरू झाली.

मुक्ताबाईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तीन मजली, टाइल लावलेलं, खाली विक्रमची काळी मोठी गाडी. घराच्या मागे मात्र गोठा होता आणि गोठ्यात दोन म्हशी. विक्रमला म्हशी नको होत्या, भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. मुक्ताबाईंचे यजमान मच्छिंद्र खाटेवर बसून दाढी करत होते. पाहुणे बघून त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "कमिटीची मानसं का?"

"न्हाई, तारवाली हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

चहा उकळेपर्यंत त्यांनी सगळी हकिगत सांगितली. वॉचमन गेल्यावर पहिल्या दिवशी त्या गेटापाशी आल्या, तर गेट बंद. मान अवघडली होती म्हणून घमेलं खाली ठेवलं, तर गेट उघडलं. त्यांना वाटलं, वर कॅमेरा आहे, कोणीतरी बघत असेल, त्याला दया आली असेल. म्हणून बाहेर पडल्यावर त्या कॅमेऱ्याला नमस्कार करू लागल्या.

"म्हणजे तो नमस्कार खरा होता," दीपमाला म्हणाली.

"मग खोटा कशापायी करू? पुढं एक दिस घमेलं मोडलं, तर प्लास्टिकची पाटी नेली. ठेवली. गेट उघडंना. उचलली, पुन्यांदा ठेवली. न्हाईच. मनात म्हनलं, वरला मानूस जेवाया गेला आसंल. दुसऱ्या दिशी बी तेच. तवा समजलं, मानूस बिनूस न्हाई, ह्येला घमेलंच लागतंय."

"नमस्कार मात्र चालू ठेवला," मच्छिंद्र म्हणाले.

"आता सवय झाली. उघडलं तर हात जोडाया काय जातंय."

मग त्यांनी घमेलं वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिलं होतं. भिंतीजवळ ठेवलं तर उघडत नाही. काळ्या रेघेच्या बाहेर ठेवलं तर नाही. चौकटीच्या आत, रेघेला लागून ठेवलं तर हमखास उघडतं. विक्रमला विचारलं तर तो म्हणाला, खाली लोहचुंबक असेल. ते त्यांना काही दिवस पटलं होतं.

"मग तांब्याचा हंडा नेला म्या," मुक्ताबाई म्हणाल्या. "लग्नातला. चुंबक तांब्याला धरत न्हाई, येवढं तर मला बी ठाव हाय. ठेवला, तर उघडलं. म्हंजी चुंबक बी न्हाई. मग काय हाय?"

दीपमालाने कप खाली ठेवला. कॉलेजात हे तिला शिकवलं होतं, परीक्षेत तिने लिहिलंही होतं. पण तांब्याचा हंडा नेऊन बघावा असं तिला कधी सुचलं नव्हतं. गाड्या लोखंडाच्या असतात, लूप गाड्यांसाठी असतो, एवढ्यावर तिची गाडी चाललेली.

"काका," ती म्हणाली, "टेम्पोतलं तारेचं भेंडोळं आणा. आणि जुना डिटेक्टर."

गोठ्यासमोरच्या शेणाने सारवलेल्या अंगणात तिने तारेचे वेढे मांडले, टोकं पिळून डिटेक्टरला जोडली आणि वायर घरातल्या प्लगला लावली. डिटेक्टरवर हिरवा दिवा लागला. "धातू आला की लाल होतो," तिने सांगितलं. "तारेत वीज गोल गोल फिरते. वर धातूचा पत्रा आला, कुठलाही, लोखंड असो नाहीतर तांबं, की त्या पत्र्यातही वीज फिरायला लागते. आपोआप. ती या तारेतल्या विजेला उलटं ढकलते. त्या ढकलण्याने कळतं."

"पत्र्याला शाक बसंल की."

"बसत नाही. फार बारीक असते."

मुक्ताबाईंनी हे सगळं एकदम मान्य केलं नाही. त्या आत गेल्या आणि परात घेऊन आल्या. परात आडवी ठेवली, लाल. परात उभी धरली, हिरवा. पुन्हा आडवी, पुन्हा उभी. "उभ्याला दिसंना," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग विळा आणला. काही नाही. खुरपं, काही नाही. बादली, लाल. मच्छिंद्र खाटेवरून उतरले आणि नांगराचा फाळ घेऊन आले. फाळाने दिवा नुसता लुकलुकला. ते नाराज झाले. "येवढं जड लोखंड, आन् परातीपरीस कमी?"

"वजनाचं नाही. पसरट हवं."

नागोराव एवढा वेळ लांब उभे होते. त्यांनी हळूच आपल्या कमरेचा पट्टा काढला आणि त्याचं बक्कल तारेवर धरलं. काही झालं नाही. पट्टा पुन्हा बांधताना त्यांनी आपल्याला कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून घेतली. दीपमालाने पाहिलं होतं.

शेवटी मुक्ताबाईंनी एक म्हैस सोडली. दीपमाला नको म्हणेपर्यंत ती तारेच्या मधोमध येऊन उभी राहिली. दिवा हिरवाच.

"एवढी मोठी म्हस, ती दिसत न्हाई?"

"नाही."

"आन् म्या? घमेलं नसताना?"

"तुम्हीही नाही, मावशी. माणूस कळत नाही त्याला."

मुक्ताबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "मग येखादं लेकरू गेटात आलं तर? मिटतंय की ते."

"त्याला वेगळा डोळा आहे. खांबावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मध्ये काही आलं तर गेट थांबतं."

"तो चालतोय नव्हं? बघितलास?"

दीपमालाने बघितला नव्हता. तो गेटवाल्यांच्या कामात येत होता, तिच्या नाही. चहा संपवून ती तशीच गेटपाशी गेली आणि त्या डोळ्यासमोर पाय धरून उभी राहिली. गेट तिच्या पायापर्यंत येऊन थांबलं. बोगनवेलीच्या फांद्या तेवढ्या डोळ्याच्या आड येऊ लागल्या होत्या. त्या नागोरावांनी तोडल्या.

पूर्णिमाबाईंना तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आमची सुरक्षा घमेल्याने उघडते."

"आतूनच उघडते, मॅडम. बाहेरून नाही."

"तरी. त्याची जाणीव कमी करता येते ना?"

"येते. पण मग स्कूटरही कळणार नाहीत. स्कूटरचं पोट आणि घमेलं यांत या यंत्राला फारसा फरक नाही."

"बघू," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "करा कमी."

दीपमालाने केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गेटाशी स्कूटरवाल्यांची रांग लागली. कोणी चौकटीवर पुढे-मागे करत होतं, कोणी हॉर्न वाजवत होतं. जणू गेटाला ऐकू येतं. एक मोटार आली की तिच्यामागून चार-पाच जण निसटून जात आणि बाकीचे पुढच्या मोटारीची वाट बघत. त्या रांगेत पूर्णिमाबाईही होत्या, बँकेत निघालेल्या. कात्रजला टेम्पो धूत असताना दीपमालाला त्यांचा फोन आला.

"पूर्ववत करा," त्या म्हणाल्या. "आणि कराल तेव्हा मला खाली बोलवा. मला ते बघायचंय."

त्या दिवशी दुपारी पूर्णिमाबाई खरंच खाली आल्या. मुक्ताबाई आल्या. दोघी गेटापाशी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग पूर्णिमाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे रिमोट आहे असं मी म्हणाले होते. ते चुकीचं होतं."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "चुकीचंच व्हतं."

"आता एकदा दाखवाल का?"

मुक्ताबाईंनी घमेलं ठेवलं. टक झालं. गेट सरकलं. पूर्णिमाबाईंनी हाताची घडी घातली, सोडली आणि म्हणाल्या, "थांबा. मी आलेच." लिफ्टने वर जाऊन त्या बिडाचा डोशाचा तवा घेऊन आल्या. कोणाला दिसू नये म्हणून तो पिशवीत घातला होता. त्यांनी तो चौकटीत ठेवला. काही झालं नाही.

"का?" त्यांनी दीपमालाला विचारलं, जरा दुखावल्यासारखं.

"लहान पडला असेल."

"मधी ठिवला तुमी," मुक्ताबाई म्हणाल्या. "रेघेवर ठिवा. आतून." त्यांनी स्वतः वाकून तवा कोपऱ्यात सरकवला. डब्यात टक झालं. गेट सरकलं आणि जरा वेळाने पुन्हा मिटायला लागलं, तसं पूर्णिमाबाईंनी तवा घाईने दाबून धरला, जणू तो उडून जाईल. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे बद्रीनाथ जोशी पिशवी घेऊन बाहेर निघाले होते. सचिवबाई भर दुपारी रस्त्यावर तवा धरून ओणव्या बसलेल्या पाहून ते काही न विचारता मेन गेटकडे वळले.

कमिटीच्या बैठकीत मुक्ताबाईंना बाहेर पडायला कार्ड द्यावं असा विषय आला. विक्रमचीही तीच मागणी होती, मानाची गोष्ट म्हणून. मुक्ताबाईंनीच नको म्हटलं. "कार्ड सांभाळू का घमेलं?" त्या म्हणाल्या. "घमेलं तसं बी नेते मी." विषय तिथेच मिटला. विक्रम थोडे दिवस धुसफुसला आणि मग त्याने गोठ्यामागे खोल्या बांधायचा दुसरा नकाशा काढला, त्यात म्हशींची जागा तशीच राहिली होती. ती त्याने कोणाच्या सांगण्यावरून ठेवली, हे दीपमालाला कळलं नाही.

दिवाळीच्या आधी ती आणि नागोराव वर्षाच्या तपासणीला शाल्मलीत आले. लूपच्या तारा मीटरला जोडून दीपमाला आकडे बघत होती. गाडी नसताना लूपची एक ठरलेली लय असते, मीटरवर तिचा आकडा येतो आणि तो जवळपास स्थिर राहतो. मुक्ताबाई नेहमीच्या वेळी आल्या. घमेलं चौकटीच्या बाहेर ठेवून त्या कुंडीच्या कठड्यावर टेकल्या. आज त्यांना जायची घाई दिसत नव्हती.

"येक इचारायचं व्हतं," त्या म्हणाल्या.

"विचारा."

त्या बोलायच्या आत आवाज भरून आला. लोहगावहून उठलेलं विमान इमारतींच्या डोक्यावरून गेलं, नेहमी जातं तसं, इतकं खाली की त्याच्या पोटावरची अक्षरं वाचता यावीत. मुक्ताबाईंनी बोट वर केलं आणि आवाज ओसरेपर्यंत तसंच धरलं.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ते बी पत्र्याचंच हाय. आन् पसरट. आडवं जातंय, उभं न्हाई. ह्या तारेला ते कळतंय का?"

"नाही, मावशी. फार लांब आहे ते. डोक्यावरचं घमेलंसुद्धा कळत नाही, खाली ठेवावं लागतं."

"घमेलं केवढं, आन् ते केवढं."

दीपमाला उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली. उत्तर तिला माहीत होतं. अंतर वाढलं की परिणाम झपाट्याने कमी होतो, पुस्तकात तसं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण मीटर हातात होतं, तारा जोडलेल्या होत्या आणि विमान गेलं तेव्हा तिने आकड्याकडे पाहिलंच नव्हतं.

"पुढचं कधी येतं?" तिने विचारलं.

"येतंय की. सारखंच येत्यात."

ती मीटर घेऊन मुक्ताबाईंच्या शेजारी बसली. नागोराव टेम्पो सुरू करून निघायच्या तयारीत होते. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "ताई, कात्रजला पोचायचंय. चारला बोलावलंय त्यांनी."

"पाच मिनिटं, काका."

विमान आलं. मुक्ताबाईंनी वर पाहिलंच नाही, त्या मीटरवर वाकल्या होत्या. आकड्यातला शेवटचा अंक सातवरून आठवर गेला आणि परत सातवर आला.

"हलला," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तो तसाही हलतो मधून मधून. शेवटचा अंक धरायचा नसतो."

"मग ह्यो तसा हलला का विमानानं हलला, ह्ये कसं कळंल?"

दीपमालाने मीटरकडे पाहिलं. अंक सातवर होता. मग आठ झाला, आभाळात काहीही नसताना, आणि पुन्हा सात.

"अजून दोन-चार विमानं बघावी लागतील," ती म्हणाली.

मुक्ताबाई कठड्यावर जरा सरकून नीट बसल्या. नागोरावांनी टेम्पोचं इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि विमान कुठून येतं ते बघायला कपाळावर हात धरून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले.